समभार रेषा आणि आपला पाऊस

पावसाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रात, आकाशवाणीवर आणि आता हातातल्या मोबाइलवरही एक वाक्य वारंवार भेटते : बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले असून मराठवाड्यात पावसाची शक्यता आहे. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याविषयी प्रश्न विचारावा असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक प्रश्न साधा आहे. बंगालचा उपसागर कोठे आणि आपले नायगाव कोठे? मधे सातशे किलोमीटर जमीन आहे. तिकडे हवेचा दाब उतरला तर इकडे सोयाबीनच्या रानात पाणी का साचावे?

पदवी वर्गात भूगोलाची प्रात्यक्षिके घेताना दरवर्षी मी विद्यार्थ्यांच्या हाती हवामानाचे नकाशे देतो. बहुतेकांना तो वेड्यावाकड्या रेषांचा आणि बाणांचा गुंता वाटतो. परीक्षेपुरती चिन्हे पाठ होतात व परीक्षेनंतर विसरली जातात. परंतु ज्यांच्या घरची पेरणी आणि काढणी पावसाच्या एकेका दिवसावर अवलंबून असते, त्यांच्या मुलांना हा नकाशा वाचता आलाच पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी गणित फारसे लागत नाही. दोन-तीन गोष्टी नीट समजल्या की पुरे. त्या गोष्टी सांगाव्यात आणि आपल्या भागाने या नकाशाच्या कोणत्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवावे हे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नकाशा तयार कसा होतो?

१८६४ साली कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आदळले. १८६६ आणि १८७१ या वर्षी पावसाने दगा दिला. या आपत्तींनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. खात्याचे मुख्य कार्यालय पुढे सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यास आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

हवामानाच्या नकाशाचे मर्म ‘एकाच वेळी’ या दोन शब्दांत आहे. देशभरातल्या वेधशाळांत सकाळी साडेआठ वाजता आणि सायंकाळी साडेपाच वाजता एकाच क्षणी नोंदी घेतात. हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा व वेग, ढग, पाऊस अशा या नोंदी असतात. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नागपूर, विशाखापट्टणम येथील आकडे एका नकाशावर मांडले म्हणजे सबंध देशावरच्या हवेचे त्या क्षणीचे चित्र तयार होते. एकट्या नांदेडच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. शेजारच्या आकड्यांशी त्याची तुलना झाली की तो बोलू लागतो.

वेळ ठराविक ठेवण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या प्रदेशात हवेचा दाब रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. हा चढउतार तीन-चार मिलिबारचा असतो आणि वादळाशी त्याचा काही संबंध नसतो. तेव्हा दुपारी दाब उतरलेला पाहून पावसाचे भाकीत करणे व्यर्थ होय. आजच्या साडेआठच्या दाबाची कालच्या साडेआठच्या दाबाशी तुलना करावी, हाच खरा मार्ग.

रेषा काय सांगतात?

हवेला वजन आहे, हे टॉरिसेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब १०१३.२ मिलिबार भरतो. हल्ली मिलिबारऐवजी हेक्टोपास्कल म्हणतात, पण आकडा तोच राहतो. उंच जावे तसा डोक्यावरचा हवेचा थर कमी होतो आणि दाबही उतरतो. प्रारंभीच्या काही शे मीटरपर्यंत दर साडेआठ मीटर चढणीस सुमारे एक मिलिबार, असे हे प्रमाण आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंच आहे. म्हणजे नकाशात नांदेडजवळ १००८ हा आकडा दिसेल त्या दिवशी तिथल्या उपकरणात प्रत्यक्षात ९६७ च्या आसपास दाब असेल. हे वाचून गोंधळू नये. सगळी ठिकाणे समुद्रसपाटीवर असती तर दाब किती भरला असता, हे काढूनच आकडे नकाशावर मांडतात. तसे केले नाही तर नकाशात हवेऐवजी डोंगरच उमटतील. काही मोबाइलमध्ये हल्ली वायुभारमापक असतो. त्यातील आकडा पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

समान दाबाची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समभार रेषा. नव्या पुस्तकांत हिलाच समदाब रेषा म्हणतात. भारतीय नकाशात या रेषा दोन-दोन मिलिबारच्या अंतराने काढतात : १००२, १००४, १००६ अशा. ज्यांनी टोपोशीटवर समोच्च रेषा पाहिल्या आहेत त्यांना समभार रेषा समजण्यास वेळ लागणार नाही. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा असतो आणि दूरदूर गेल्या की माळ सपाट असतो. समभार रेषांचेही तसेच आहे. त्या दाट असतील तेथे दाबाचा उतार तीव्र आणि वारा जोराचा. त्या विरळ असतील तेथे वारा मंद.

रेषांच्या आकारांना नावे आहेत. रेषा बंद वर्तुळासारखी होऊन आत आकडे उतरत गेले तर ते कमी दाबाचे क्षेत्र. आत आकडे चढत गेले तर जास्त दाबाचे. कमी दाबाच्या रेषा एका बाजूला लांबट पसरल्या की त्या पन्हाळीसारख्या आकाराला द्रोणी म्हणतात. वर्तमानपत्रांतली ‘मान्सूनची आस’ ती हीच. कमी दाबाचे क्षेत्र बळावले आणि वाऱ्याचा वेग १७ नॉटवर, म्हणजे ताशी ३१ किलोमीटरवर गेला की त्यास अवदाब किंवा डिप्रेशन म्हणतात. वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाला की ते चक्रीवादळ ठरते.

वाऱ्याचा बाण

प्रत्येक ठिकाणी एक लहान वर्तुळ असते. आकाश जितके ढगाळ तितके ते काळे भरलेले असते. त्या वर्तुळातून एक दांडी निघते. तिच्याबाबत विद्यार्थ्यांचा हटकून घोटाळा होतो. दांडी ज्या दिशेला गेलेली असते त्या दिशेकडून वारा येत असतो, तिकडे जात नसतो. वर्तुळ हे बाणाचे टोक समजावे आणि दांडीच्या दूरच्या शेवटाला बाणाची पिसे आहेत असे मानावे, म्हणजे चूक होणार नाही. दांडी पश्चिमेकडे गेली असेल तर वारा पश्चिमेचा, आपल्या भाषेत मावळतीचा.

पिसांवरून वेग कळतो. अर्धे पीस म्हणजे ५ नॉट, पूर्ण पीस १० नॉट, आणि भरीव त्रिकोणी पताका ५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. एक पूर्ण व एक अर्धे पीस दिसले तर १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वारा समजावा. आणखी एक खूण पाहण्यासारखी आहे. आपल्या उत्तर गोलार्धात पिसे दांडीच्या ज्या अंगाला काढतात, त्याच अंगाला कमी दाब असतो. यामागे एक नियम आहे, त्याकडे आता वळू.

वारा सरळ का जात नाही?

पाणी उतारावरून सरळ खाली धावते. वाराही जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ धावेल, अशी आपली समजूत असते. परंतु नकाशात बाण पाहावेत तर ते समभार रेषांना काटकोनात छेदण्याऐवजी बरेचसे त्यांच्या कडेकडेने निघालेले दिसतात. याचे कारण पृथ्वीचे फिरणे. वारा वाहत असताना त्याच्या खालची पृथ्वी फिरत असते. त्यामुळे उत्तर गोलार्धात वारा आपल्या वाटेच्या उजवीकडे वळतो. दाबाचा उतार त्याला कमी दाबाकडे ओढतो आणि पृथ्वीचे फिरणे त्याला उजवीकडे वळवते. या दोहोंच्या ओढाताणीत तो रेषांना समांतर वाहू लागतो. जमिनीलगत झाडे, टेकड्या, घरे यांच्या घर्षणाने त्याचा वेग कमी होतो व तो थोडासा कमी दाबाकडे कलतो. म्हणून कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घिरट्या घालत आत शिरतात. या वेटोळ्या चालीवरूनच कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला.

बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हाच नियम सोप्या शब्दांत मांडला : वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. जमिनीवर तो डाव्या हाताच्या किंचित पुढे असतो, इतकाच फरक. खळ्यावर उपणणी करणाऱ्याला भुसा कोणीकडे उडतो ते पाहून वाऱ्याचा रोख अचूक कळत असे. त्या ज्ञानात या एका वाक्याची भर घातली की नकाशा हाती नसतानाही दूरचा कमी दाब कोणत्या दिशेला आहे याचा अंदाज येतो.

हा नियम वर्षाच्या दोन ऋतूंना लावून पाहावा. जुलै महिन्यात राजस्थान व पाकिस्तानच्या बाजूस दाब फार उतरलेला असतो आणि दक्षिणेस केरळकडे तो त्या मानाने अधिक असतो. म्हणजे कमी दाब आपल्या उत्तरेला. डावा हात उत्तरेकडे ठेवावा म्हणजे तोंड पूर्वेला व पाठ पश्चिमेला होते. वारा पाठीकडून, अर्थात मावळतीचा. जानेवारीत उत्तरेकडे थंड, जड हवेचा जास्त दाब आणि दक्षिणेस कमी दाब असतो. डावा हात दक्षिणेकडे नेला की पाठ पूर्वेला येते. हुरड्याच्या दिवसांत अंगाला झोंबणारा उगवतीचा वारा तो हाच.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवाकडे अधिक असतो. त्यामुळे समभार रेषांमधले अंतर तेच असले तरी लंडनपेक्षा आपल्या अक्षांशावर दुपटीहून अधिक जोराचा वारा निघतो. युरोपच्या नकाशात दाट रेषा पाहण्याची सवय झालेल्याला आपला नकाशा रिकामा वाटेल, पण आपल्याकडे दोन मिलिबारचा फरकही पुष्कळ असतो. म्हणूनच आपल्याकडचे हवामानतज्ज्ञ समभार रेषांवर विसंबून न राहता दीड किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवरील वाऱ्यांच्या प्रवाह रेषाही काढतात. बातम्यांतली ‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ त्याच नकाशांवरून ओळखतात.

आपला पाऊस कोणीकडून येतो?

पावसाळ्यात वारा मावळतीचा असतो, म्हणून पाऊसही तिकडूनच येतो असे आपण धरून चालतो. कोकणापुरते ते खरे आहे. परंतु सह्याद्री ओलांडताना त्या वाऱ्यातील बरेचसे पाणी घाटमाथ्यावर पडून जाते. पूर्वेच्या उतारावर उतरताना तो तापतो व कोरडा होतो. आपण सर्व पर्जन्यछायेत आहोत, हे शाळेत शिकलेलेच आहे.

आता पावसाचे आकडे पाहावेत. अहिल्यानगर जिल्ह्यात आणि बीडच्या पश्चिम भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे यावे तसा तो वाढत जातो. नांदेड जिल्ह्यात तो सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि किनवट-माहूरकडे त्याहूनही अधिक. पाऊस केवळ पश्चिमेकडून येत असता तर अरबी समुद्रापासून दूर जाताना तो कमी व्हायला हवा होता. येथे तो वाढतो. कारण पूर्व मराठवाड्याच्या मोठ्या पावसाची सूत्रे बरीचशी बंगालच्या उपसागरात हलतात. तेथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावरून जमिनीवर चढतात आणि पश्चिम-वायव्येकडे छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश अशी वाटचाल करतात. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य अंगाला सर्वांत जोराचा पाऊस पडतो, असा अनुभव आहे. क्षेत्र छत्तीसगड-विदर्भाकडे असते तेव्हा त्याच्या नैर्ऋत्येला कोण, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे. नांदेड आणि लातूर तेथेच सापडतील.

अलीकडचे ठळक उदाहरण ‘गुलाब’ चक्रीवादळाचे. २५ सप्टेंबर २०२१ रोजी उपसागरात त्याला हे नाव मिळाले. २६ तारखेच्या रात्री ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. कलिंगपट्टणम जवळजवळ आपल्याच अक्षांशावर, सरळ पूर्वेस सातशे किलोमीटरवर आहे. जमिनीवर समुद्राची वाफ मिळत नाही, त्यामुळे वादळ हळूहळू क्षीण होत तेलंगणमार्गे २८ तारखेला मराठवाडा-विदर्भाच्या भागात पोचले. वाऱ्याचा जोर गेला होता, पण पाऊस गेला नव्हता. हस्त नक्षत्र नुकतेच लागले होते आणि सोयाबीन काढणीला आले होते. मांजरा आणि तेरणा यांना महापूर आला, धरणांचे दरवाजे उघडावे लागले, लातूर व धाराशिव जिल्ह्यांत पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने व बोटींनी सोडवावे लागले. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी पाण्याखाली गेल्या. पाच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, त्याच जिल्ह्याची ही कथा. त्या वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावले आणि ‘शाहीन’ या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले.

येथे नकाशा वाचण्याचा उपयोग कळतो. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत येण्यास त्या वादळाला सुमारे दीड दिवस लागला. २५ आणि २६ तारखेच्या नकाशात उजव्या बाजूला बंद समभार रेषांचे कडे दिसत होते. ज्याला ते वाचता येते त्याला गंज झाकण्यास, जनावरे नदीकाठच्या गोठ्यातून हलवण्यास किंवा काढणी दोन दिवस लांबवण्यास अवधी मिळतो.

वाऱ्याच्या वळण्यावरूनही अशा क्षेत्राचा माग काढता येतो. ते आपल्या उत्तरेकडून, विदर्भावरून जात असेल तर आपल्याकडचा वारा वायव्येकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून नैर्ऋत्येला फिरतो. ते दक्षिणेकडून, तेलंगण-कर्नाटकावरून जात असेल तर वारा ईशान्य, पूर्व, आग्नेय असा फिरत जातो. बाइज बॅलटचा नियम लावून हे प्रत्येकाने कागदावर काढून पाहावे.

पावसाचा खंड

नकाशात जसा पाऊस दिसतो तसा खंडही दिसतो. मान्सूनची आस साधारणपणे राजस्थानातील गंगानगरपासून प्रयागराजवरून उपसागराच्या शिरोभागापर्यंत पसरलेली असते. ती आपल्या जागेच्या दक्षिणेस असली की मध्य भारतात व आपल्याकडे पाऊस चांगला होतो. ती उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेली की तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे पाऊस उघडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बराच काळ असेच झाले. देशाच्या दृष्टीने तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरून मग खंडात सापडलेला शेतकरी दुबार पेरणीचा खर्च कोठून उभा करतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही. पहिली सर पडली तरी आस कोठे आहे आणि उपसागरात काही हालचाल आहे का, हे पाहून चाड्यावर मूठ धरली तर हा धोका काही अंशी टळू शकेल.

नकाशाच्या मर्यादा

नकाशाकडून अवास्तव अपेक्षाही करू नये. समभार रेषा शेकडो किलोमीटरच्या मापाने बोलतात. कोणत्या तालुक्यात, कोणत्या ओढ्यावर ढग रिकामा होईल हे त्या सांगत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या काठी एका रात्रीत पाणी गावांत शिरले, माणसे दगावली, सैन्याला पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी रडार, उपग्रहाची चित्रे आणि नदीवरच्या पाण्याची वेळेवर मिळणारी सूचना हीच उपयोगी पडतात. उन्हाळ्यातल्या वळवाच्या पावसाचेही तसेच. तो स्थानिक उष्णतेने उठतो, रेषांत फारसा दिसत नाही. नकाशावरून दिवसांचा अंदाज बांधावा, घटकांचा बांधू नये.

हवामान खात्याचे नकाशे आज संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. माझी विद्यार्थ्यांना सूचना आहे की येत्या जूनपासून प्रत्येकाने एक वही घालावी. रोज सकाळी अंगणात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, डावा हात कोणत्या दिशेला येतो ते लिहावे आणि मग साडेआठचा नकाशा काढून आपला कमी दाब तेथे आहे की नाही हे ताडून पाहावे. उजव्या बाजूला, उपसागरावर, एखादी रेषा बंद झालेली दिसली तर तिच्यावर तारीख टाकावी व ती रोज किती सरकते याची नोंद ठेवावी. चार महिन्यांत ही वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवील. शिवाय काढणीच्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, “आभाळाचं काय म्हणणं आहे रे?” तर त्यांना उत्तर देता येईल.